बिब्ब्याच्या खुणा
(ठकू परटीण, मुंबई बेट, इंग्रज नवे होते तेव्हा)

टोपीकरांची नावं माझ्या जिभेला कधी वळली नाहीत.
मी त्यांना सदऱ्यांवरून ओळखते.
गळपट्टीच्या आत, मानेचा मणका टेकतो तिथं,
बिब्ब्यात सुई बुडवून खूण घालते:
वखारीतल्या लांबड्या कारकुनाला दोन टिंबं,
दारूकोठीवरच्या तांबड्या मिशीला कावळ्याचा पाय.

त्यातला एक सदरा सांगते.
जाडा, विलायतेचा, भिजला की घोरपडीसारखा जड.
सुरतेच्या गलबतातून तो उतरला
तेव्हा त्याच्यात दोन टिंबं होती.
श्रावण सरता सरता दोन टिंबं पोटाने गेली.
मेंढमच्या टोकाला पुरली, वाळूत, उथळ;
कोल्ह्यांना ठाऊक होतं.
तिसऱ्या दिवशी वखारीच्या ओट्यावर लिलाव:
चांदीचं बक्कल, वस्तरा,
एक पुस्तक, जे कुणी घेईना,
सहा सदरे.

पुढच्या गाठोड्यात दोन टिंबं परत आली,
दुसऱ्याच्या घामाचा वास लावून.
मी शेजारी कावळ्याचा पाय काढला.

मार्गशीर्षात कावळ्याचा पाय.
मग शेंडीसारखी रेघ.
ती तर अठरा वर्षांचं पोर होती,
धुण्याचे रुके आगाऊ द्यायची,
आणि बाही कोपराशी रोज शाईने माखलेली.
शाई निघाली नाही.
पुढच्या धन्याने मला त्यासाठी शिव्या घातल्या.

ते म्हणत, तुमचे भंडारी माडाच्या मुळाशी
कुटीचं खत घालतात,
त्या कुजक्या हवेने आम्ही मरतो.
तसा हुकूमच निघाला, डांगोरा पिटून.
पदाजी भंडारी माडावरूनच हसला:
याच हवेत माझा आजा दात पडून मेला.
माड मात्र त्या साली कमी धरले.

मग एका जहाजातून बायका आल्या.
धक्क्यावर कोळणी मासे टाकून बघायला उभ्या.
झग्यांचे घेर ओल्या चिखलात,
नाकाला रुमाल,
एकीने तर उतरताच ओकून घेतलं.
तीच पुढे चौथ्या खुणेच्या घरी नांदली.
मार्जी, असं काहीतरी हाक मारायचे.
पहिल्यांदा स्वतःच तळ्यावर आली धुवायला,
पापडखाराने हात सोलून घेतले,
बसली दगडावर, रडली नाही,
मला दगड दाखवून म्हणाली काहीतरी.
मी म्हटलं, बाई, तो माझा आहे.

चौथी खूणही गेली, फाल्गुनात.
या वेळी सदरा लिलावाला आला नाही.

चैत्रात गाठोडं सोडलं तर
आत फडकी, चौकोनी, हातभर,
पिवळ्या डागांची.
एकावर अर्धं टिंब.
एकावर कावळ्याची दोन बोटं.
मी ती तशीच धरून उभी राहिले, पाण्यात, गुडघाभर.

आठ दिवसांनी मार्जी पोर घेऊन दारात,
त्याच्या मांड्या लालभडक.
बिब्बा उतला होता, चार मेलेल्यांचा बिब्बा,
एवढ्याशा कातड्यावर.
भाषा नव्हती. मी नारळ फोडला,
दूध पिळलं, तिच्या तळव्यावर ओतलं,
आणि तिचा तळवा पोराच्या मांडीवर ठेवला.

पोर जगलं.
त्याच्या फडक्यांना मी लाल दोऱ्याची गाठ मारते.

त्या दिवशी दोरीवर ती वाळत घालताना
सासूचे बोल आठवले,
की आज आलेत, उद्या जातील, फिरंगीही गेलेच की.
सासूबाई, पाहुणा लंगोट वाळत घालत नाही.

संध्याकाळी तळ्याच्या रखवालदाराला
दोन नारळ दिले
आणि थोरलीसाठी
माझ्या शेजारचा दगड मागून घेतला.